रुमालाखालचा शब्द

बड्या घराण्यांच्या मूळपुरुषाकडं घर सोडताना नेहमी एक घोंगडी आणि एक तांब्या एवढंच असतं. मुंबईचा शेटजी घ्या, सोलापूरचा गिरणीवाला घ्या, छापील चरित्रात घोंगडी आणि तांब्या हजर. तेवढ्या सामानावर तो शहर गाठतो, घाम गाळतो, आणि पुढच्या पानावर त्याची गिरणी उभी राहते. मधलं पान कुठं गेलं हे कुणी विचारत नाही. विचारलं तरी सांगणारा जवळपास नसतो.

सोलापूरच्या येणगुरे घराण्याचं मधलं पान तामलवाडीत होतं. रेवणअप्पांच्या तोंडी होतं, आणि ते कुणीही विचारलं तरी सांगायचे. न विचारता तर जास्तच सांगायचे.

रेवणअप्पा म्हणजे रेवणसिद्ध येणगुरे. वय बहात्तर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाला ऐकू जावं. चाळीस वर्षं त्यांनी जनावरांच्या बाजारात दलाली केली. तीही जुन्या पद्धतीची. भाव तोंडानं बोलायचा नाही. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात एकत्र धरायचे, वर रुमाल टाकायचा, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. हात सुटले की सौदा पक्का. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. नंतर कुणी दुप्पट भाव घेऊन आला तरी मागं फिरायचं नाही. आता बाजारात पोरं मोबाइलवर म्हशीचा फोटो टाकतात, खाली भाव टाकतात, आणि संध्याकाळपर्यंत चार वेळा तो बदलतात. अप्पांनी बाजाराला जाणं सोडलं त्याला सहा वर्षं झाली होती.

मधलं पान असं होतं. दोन भाऊ होते. थोरला वीरप्पा, धाकटा शिवलिंगप्पा. सोलापूरला नुकतीच आगगाडी आली होती. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला, आणि मुंबईचे दलाल कापूस शोधत पार सोलापूरपर्यंत आले. सोलापूर इंग्रजांचं, तामलवाडी निजामाची. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. आता त्याच रस्त्यावर टोलनाका आहे, म्हणजे थांबवून घेण्याची रीत काही बदललेली नाही. वीरप्पा बेंबळीपासून नळदुर्गापर्यंत गावोगाव फिरायचा. कापूस नुसता चिमटीत धरून धागा किती लांब निघेल ते सांगायचा. शेतकऱ्याचा हात रुमालाखाली घ्यायचा आणि भाव ठरवायचा. त्याच्या गाड्या तामलवाडीच्या दगडी कट्ट्यापाशी थांबायच्या, नाका ओलांडून सोलापूरला जायच्या. तिथं स्टेशनाजवळ शिवलिंगप्पा बसलेला असायचा. तो विकायचा. दोघा भावांचा सौदा त्याच कट्ट्यावर, त्याच रुमालाखाली झाला होता. जे होईल ते निम्मं निम्मं.

चार वर्षं सोलापूर नुसतं फुगत होतं. मग लढाई थांबली आणि कापूस मातीमोल झाला. वीरप्पानं गावोगाव आधीच शब्द दिलेला होता. त्यानं तो पाळला. बायकोच्या अंगावरचं गेलं, बैल गेले, जमीन गेली, पण ज्या ज्या हाताला त्यानं भाव दिला होता त्या प्रत्येकाला तो पोचवला. सगळं मोकळं करून तो सोलापूरला धाकट्याकडं गेला. शिवलिंगप्पानं मात्र मुंबईच्या दलालांशी सगळं कागदावर केलं होतं. त्याचं काही बुडालं नव्हतं. उलट बुडालेल्यांच्या वखारी तो स्वस्तात घेत होता. वीरप्पा म्हणाला, "निम्मं." शिवलिंगप्पा म्हणाला, "कुठं लिवलंय?"

वीरप्पा उठला आणि चालत तामलवाडीला आला. पुन्हा त्यानं सोलापूरचं पाणी घेतलं नाही. कोर्टकचेरी केली नाही. दिलेला शब्द आपण मागायला जायचा नसतो, ज्यानं दिला त्यानं आणून द्यायचा असतो, असं तो म्हणाला म्हणे. शिवलिंगप्पाचा पुढं सरकी काढायचा कारखाना झाला, मग गिरणी झाली, मग तो रावसाहेब झाला, शाळेला देणगी, देवळाला कळस, सगळं रीतसर झालं. आणि तामलवाडीत पाच पिढ्या एकच गोष्ट सांगत राहिल्या, की आमचा वीरप्पा अज्जा शब्दाचा माणूस होता.

रेवणअप्पांना आयुष्यात आता फार काही हवं नव्हतं. मुलगा गौरीशंकर पुण्यात नोकरीला होता, चांगला होता, फोन करत होता. दोन वेळचं घरात होतं. एकच गोष्ट आतून टोचायची. वीरप्पाचं नाव कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या लिंगायत समाजात माणसाला बसवून मातीत ठेवतात, वर ओळखीपुरता दगड, तोही दोन पावसाळ्यांत हलतो. वीरप्पाला कुठं ठेवलं तेही आता नक्की कुणाला ठाऊक नव्हतं. अप्पांचे वडील जाताना म्हणाले होते, "एकदा तरी अज्जाचं नाव दगडावर बघाया पायजे हुतं." अप्पांनाही तेच वाटत होतं. मरण्याआधी ते नाव कोरलेलं बघावं, बस्स.

अशात सोमेश आला.

सोमेश येणगुरे, शिवलिंगप्पाच्या वंशातला. वय पंचेचाळीस, पांढरी मोठी गाडी, बरोबर कॅमेरावाला. आत आला तो "शरणार्थ, अप्पा," म्हणत सरळ पायाला लागला. थोरल्या पातीचा मान म्हणून पायाला लागला. दीडशे वर्षांत त्या घरातलं कुणी या घराच्या उंबऱ्याला लागलं नव्हतं. रेवणअप्पांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि तिथंच सोमेशचं अर्धं काम झालं.

घराण्याच्या उद्योगाला दीडशे वर्षं होत होती. सोमेशला तामलवाडीत, हमरस्त्याला लागून स्मारक करायचं होतं. जिथून सगळं सुरू झालं त्या कट्ट्याच्या जागी. तो कट्टा आणि भोवतालचे चार गुंठे रेवणअप्पांचे होते. वीरप्पाच्या जमिनीतलं तेवढंच उरलं होतं. आणि स्मारकात मांडायला जुनी वस्तू हवी होती. "तुमच्याकडं तो सौद्याचा रुमाल आहे ना, अप्पा?"

रुमाल होता. देवघरात, पितळी डब्यात. जाडाभरडा, काठाला तांबडी पट्टी, मधे दोन ठिकाणी विरलेला. पाडव्याला तो बाहेर निघायचा, भस्म लावून परत आत जायचा.

"जागा घ्या," अप्पा म्हणाले. "रुमाल बी घ्या. मला पैसा नको. पर एक हाय. दगडावर दोन नावं पायजेत. वीरप्पा अन् शिवलिंगप्पा. भाऊ म्हणून. एका ओळीत, सारख्या अक्षरात."

"शंभर टक्के, अप्पा. हे सांगायला हवं का? वीरप्पा नसते तर आम्ही कुठं असतो?"

"मग हात आणा."

आतून प्रेमाबाई बाहेर आल्या. अप्पांची बायको. बोलणं कमी, पण जे बोलायच्या ते खुंटी ठोकल्यासारखं. हातात पाण्याचा तांब्या होता तो त्यांनी पाहुण्यासमोर ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, लिवून घ्या. त्यास्नी बी बरं, तुमास्नी बी बरं."

"कागद शिवलिंगप्पाकडं बी लई हुते," अप्पा म्हणाले. "आपल्या घरात कागद चालत न्हाय."

याला काय म्हणावं? ज्या गोष्टीनं घर बुडालं तीच गोष्ट या घरानं कुळाचार म्हणून जपली होती. कागदानं फसवलं होतं शिवलिंगप्पानं, म्हणून कागद वाईट. रुमाल बिचारा कधी खोटं बोललेला नव्हता. बोलायचं काम माणसांचं असतं, हे चाळीस वर्षं दलाली केलेल्या माणसाला कळू नये? पण इज्जत नावाची गोष्ट माणसाला अशी जागा बघून आंधळं करते.

रुमाल आला. अप्पांनी सोमेशचा हात धरला, वर रुमाल टाकला. मऊ हात होता. अप्पांनी त्याची दोन बोटं धरली आणि दाबली. दोन नावं. सोमेश हसला, त्यानंही काहीतरी दाबलं. "आणि अप्पा, माझंही एक. उद्घाटनाला तुम्ही घराण्यातर्फे दोन शब्द बोलायचे. शिवलिंगप्पांबद्दल, स्मारकाबद्दल, चांगलं. तुमच्यासारखा थोरला माणूस बोलला की बरं दिसतं."

"बोलीन की."

"नक्की?"

अप्पांनी त्याचा अंगठा धरून दाबला. "जबान दिली."

कॅमेरावाल्यानं तीन-चार कोनांतून फोटो काढले. एकदा रुमाल नीट पडला नाही म्हणून परत टाकायला लावला.

बक्षीसपत्र करायला तुळजापूरला जावं लागलं. जमीन मात्र कागदावरच द्यायची होती, ती रुमालाखाली जात नव्हती. अप्पांनी प्रत्येक पानावर सही केली, अंगठाही दिला. लिहिणाऱ्यानं एकदा मान वर करून विचारलं, "काही अट घालायची आहे का, आजोबा?"

सोमेशचा वकील शेजारीच होता. अप्पा छाती काढून म्हणाले, "अट आमच्यात झालीया." लिहिणाऱ्यानं अटीच्या जागी रेघ मारली.

काम जोरात सुरू झालं. आधी कट्टा उखडला. अप्पा तिथंच बाभळीखाली खुर्ची टाकून बसायचे. कट्ट्याचे दगड ट्रॉलीत पडताना त्यांना कसंतरी झालं, पण इंजिनिअर म्हणाला की नवा कट्टा होणार आहे, हुबेहूब तसाच, फक्त चांगला. मग काळा ग्रॅनाइट आला, कारंजाचे पाइप आले. बिराप्पा मेंढरं घेऊन रस्त्यानं जायचा तेव्हा थांबायचा. बिराप्पा अप्पांच्या बरोबरीचा, धनगर, लहानपणापासूनचा. त्याच्या आज्याच्या आज्याचा कापूस वीरप्पानं घेतला होता आणि भाव पडल्यावरही ठरलेला पैसा त्याच्या दारात नेऊन दिला होता. ती गोष्ट बिराप्पाच्या घरातही अशीच चालत आली होती.

"नाव कदी घालत्यात?" बिराप्पा विचारायचा.

"दगड सोलापुरात कोराया दिलाय. येईल." आणि मग अप्पा हातानं हवेत दाखवायचे, इथून इथपर्यंत दगड, इथं वीरप्पा, इथं शिवलिंगप्पा. कधी वीरप्पा डावीकडं, कधी उजवीकडं. थोरला म्हणून डावीकडंच असणार असं शेवटी दोघांनी ठरवलं.

पंधरा दिवस आधी पत्रिका आली. जाड, सोनेरी. वर शिवलिंगप्पाचा पगडीतला फोटो. आत मंत्री, आमदार, संस्था, शुभहस्ते. वीरप्पाचं नाव नव्हतं. अप्पांनी दोनदा वाचली, मागची बाजू बघितली. प्रेमाबाई दाण्याचं कूट करत होत्या. त्यांनी पत्रिका मागितली नाही, अप्पांनीच ती पुढं केली.

"पत्रिका येगळी, दगड येगळा," अप्पा म्हणाले.

प्रेमाबाईंनी पत्रिका बघितली, परत दिली, आणि कुटायला लागल्या. त्या रात्रीपासून अप्पांची झोप गेली. सोमेशला फोन करावा असं रोज मनात यायचं, आणि रोज तेच आड यायचं. सौदा झाल्यावर समोरच्याला 'बाबा रे, पाळशील ना' असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर बेइमान म्हणणं. वीरप्पा अज्जानं मागितलं नव्हतं. आपण कसं मागायचं?

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच अप्पा धोतर नेसून, पांढरा पटका बांधून निघाले. मांडव मोठा होता, हमरस्त्यापर्यंत गाड्या लागल्या होत्या. स्मारकाला पडदा होता, पण मागच्या बाजूनं कामगार आत-बाहेर करत होते. अप्पा त्यांच्यामागून आत गेले.

मधोमध शिवलिंगप्पा खुर्चीवर बसलेला होता, माणसाच्या दीडपट, पितळेसारख्या रंगाचा. पायाशी काळा दगड, त्यावर एकच नाव. अप्पांनी दगडाला चक्कर मारली. मागं काही नव्हतं. मग डाव्या हाताला बघितलं तर फायबरची बैलगाडी, कापसानं भरलेली, आणि जुवाजवळ आसूड घेऊन उभा एक माणूस, अंगात बंडी, मान खाली घातलेली. त्याच्यासमोर वीतभर पाटी. पाटीवर लिहिलं होतं, 'शेठजींचा विश्वासू गाडीवान वीरप्पा'.

पलीकडं काचेच्या पेटीत रुमाल होता. खाली लिहिलं होतं की याच रुमालाखाली शिवलिंगप्पा शेठजींनी आपले पहिले सौदे केले.

अप्पांना ओरडता आलं नाही. चाळीस वर्षांचा तो आवाज, बाजाराच्या त्या टोकाला जाणारा, तो कुठं गेला कळलं नाही. ते पाटीसमोर उभे राहिले. अक्षरं स्वच्छ होती, कोरलेली होती. बापानं म्हटलं होतं तसं अज्जाचं नाव कोरलेलं त्यांनी डोळ्यांनी बघितलं.

सोमेश लगबगीनं आला. त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

"अप्पा, चला, मांडवात बसा. साहेब पोचताहेत."

"हे काय केलंत?"

सोमेशनं पाटीकडं बघितलं. खरं सांगायचं तर त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. लबाडी असती तर बरं झालं असतं, माणसाला शिवी तरी देता येते. तो फक्त घाईत होता. "अप्पा, मी घालणारच होतो. पण वकील म्हणाले, भाऊ असं लिहिलं तर उद्या कुणीही उठून वाटणी मागेल. तुम्ही नाही मागणार, मला माहीत आहे. पण तुमच्यानंतर? कंपनीचं असतं, अप्पा, मी एकटा काही ठरवत नाही. नाव तर आलंच ना? कुठंच नव्हतं, आता कायमचं आलं."

"आपला सौदा झाला हुता. रुमालाखाली."

"हो, हो. फार छान फोटो आलाय तो, आत मोठा करून लावलाय." त्यानं अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं भाषण दुसरं आहे, अप्पा. दोन मिनिटं. मला तोंडघशी पाडू नका."

मांडवात पहिल्या रांगेत अप्पांना बसवलं. शेजारी प्रेमाबाई होत्या. त्याही पडद्यामागं जाऊन पाटी बघून आल्या होत्या. पलीकडच्या रांगेत बिराप्पा, नवा फेटा बांधून.

"हातात माइक देत्याल तवा बोला," प्रेमाबाई हळू म्हणाल्या. "समदं बोला. गाव ऐकतंय, मंत्री ऐकतोय. असा दिस परत यायचा न्हाय."

अप्पांच्या मनात तेच होतं. सगळं तोंडाशी आलेलं होतं, बेंबळी, नळदुर्ग, नाका, निम्मं निम्मं, कुठं लिवलंय. इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट होती की झोपेतही सांगता आली असती. पण त्याच्याबरोबर दुसरंही वर येत होतं. मी अंगठा दाबलाय. चांगलं बोलेन म्हणून जबान दिलीय. त्यानं त्याची मोडली, म्हणून मीही माझी मोडली, तर आमच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? दीडशे वर्षं तेवढ्या एका फरकावर तर हे घर उभं होतं. दुसरं होतं काय या घरात?

हा फरक त्या मांडवात कुणाला दिसणार होता, शंकर जाणे. पण माणूस बहात्तर वर्षं एका गोष्टीवर उभा असला की पायाखालून ती काढून घ्यायला त्याचा स्वतःचा हात धजत नाही.

नाव पुकारलं. अप्पा उठले, वर गेले. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी ओळख करून दिली की हे वीरप्पा गाडीवानांचे वंशज, आजही तामलवाडीत राहतात, आणि त्यांनी मोठ्या मनानं ही जागा दिली. टाळ्या झाल्या. अप्पांनी माइक धरला.

"शिवलिंगप्पा शेठ मोठे झाले," ते म्हणाले. "लई मोठे झाले. त्यांच्या गिरणीत हजारो हातांना काम मिळालं. आमच्या गावाचं नाव झालं." ते थांबले. समोर बिराप्पा तोंड किंचित उघडून बघत होता, आता येणार, आता येणार, अशा नजरेनं. "स्मारक चांगलं झालंय. समद्यांनी बघावं."

बाईंना दोन मिनिटं भरायची होती. त्या गोड हसून म्हणाल्या, "आणि अप्पा, तुमचे खापरपणजोबा वीरप्पा शेठजींच्या गाड्या हाकायचे, नाही का? केवढी निष्ठा!"

सोमेश खुर्चीच्या कडेला आला होता. प्रेमाबाई सरळ नवऱ्याकडं बघत होत्या. चांगलं बोलायचं ठरलं होतं, आणि यावर 'न्हाय' म्हणणं हे काही चांगलं बोलणं झालं नसतं.

"व्हय," रेवणअप्पा म्हणाले.

टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त झाल्या. मंत्रीसाहेबांनी उठून त्यांना शाल घातली.

अप्पा आणि प्रेमाबाई परत निघाले तेव्हा बिराप्पा रस्त्याच्या कडेला उभा होता. तिघं थोडा वेळ बरोबर चालले. "अप्पा," बिराप्पा म्हणाला, "आमच्या घरात तर वीरप्पा येपारी हुता म्हणून सांगत्यात. कापूस घ्यायचा म्हणत्यात." अप्पा खाली बघून चालत राहिले. बिराप्पानं वाट बघितली, मग स्वतःचीच समजूत घातली. "पर तुमीच म्हणताय म्हंजे तसंच आसंल. आमच्या म्हाताऱ्यांस्नी काय कळतंय." आणि तो मेंढरांकडं वळला.

घरी येऊन अप्पा बाजेवर बसले. शाल तशीच अंगावर होती. प्रेमाबाईंनी ती काढून घेतली.

"का न्हाय बोललात?"

"सौदा मोडला असता."

"त्यानं मोडलाच की."

"त्याचा त्यानं मोडला."

प्रेमाबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. पन्नास वर्षांत त्या नवऱ्याला कधी टाकून बोलल्या नव्हत्या, आताही आवाज चढवला नाही. "वीरप्पा अज्जानं बी हेच केलं, व्हय ना? म्हणून तर ते मोठे झाले. ते काय कापसानं मोठे झाले न्हायत. तुमच्यासारखी माणसं गप बसली म्हणून मोठे झाले."

अप्पांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आयुष्यभर त्यांनी ही गोष्ट अभिमानानं सांगितली होती, अज्जा उठला आणि चालत परत आला, मागायला गेला नाही. सांगताना दर वेळी ऊर भरून यायचा. आज पहिल्यांदा त्यांना तो रस्ता दिसला, सोलापूर ते तामलवाडी, आणि त्यावरून रिकाम्या हातानं येणारा माणूस. त्याला काय वाटत होतं हे पाच पिढ्यांत कुणी सांगितलं नव्हतं. त्याला मोठं वाटत नसणार. लाज वाटत असणार, आणि घरी बायकोला काय सांगायचं याची धास्ती. मग घरी पोचेपर्यंत, दिलेला शब्द मागायचा नसतो, हे त्यानं स्वतःला सुचवून घेतलं असेल, आणि पुढं सगळ्यांनी तेच धरून ठेवलं.

संध्याकाळी फोन वाजला. गौरीशंकर होता, पुण्याहून. प्रेमाबाईंनी स्पीकर लावून फोन अप्पांच्या हातात दिला.

"अप्पा, व्हिडिओ बघितला. सोमेशनं ग्रुपवर टाकलाय. शाल बरी दिसत होती तुम्हाला."

"हूं."

"एक विचारायचं होतं. तुम्ही 'व्हय' म्हणालात ना, गाडीवान म्हणून. तुम्ही तर आम्हाला लहानपणापासून भाऊ सांगत आलात. निम्मं निम्मं वगैरे."

अप्पांनी बोलायला तोंड उघडलं. गोष्ट होती तशी होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पण सांगणार कोण? आज दुपारी हजार माणसांसमोर ज्यानं हो म्हटलं तोच? मग दोन्हींतलं एक खोटं, आणि कुठलं खोटं ते ठरवायला दुसरं कुणीच नव्हतं. शिवलिंगप्पाकडं अजून कागद होते. वीरप्पाकडं फक्त रेवणअप्पाच होते.

"अप्पा? ऐकू येतंय ना?" गौरीशंकरचा आवाज हळुवार झाला. त्याला वाटलं म्हातारा ओशाळला. "जाऊ द्या, अप्पा. जुन्या माणसांना थोडं वाढवून सांगायची सवय असते. त्यात काय एवढं. गाडीवान असले म्हणून काय झालं, कष्टाचंच खाल्लं. फक्त श्रीदेवीचं जरा झालंय."

श्रीदेवी त्याची मुलगी, सातवीत.

"तिला शाळेत आपल्या घराण्यावर लिहायला दिलं होतं. तिनं चार पानं लिहिलीत, वीरप्पा व्यापारी, हातात कापूस धरून सांगायचे, शब्द दिला की पाळायचे. तुम्हीच फोनवर सांगितलेलं सगळं. आता तिनं हा व्हिडिओ बघितला आणि रडत बसलीय. उद्या वही द्यायची आहे. तिला काय सांगू?"

प्रेमाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं आणि हात पुढं केला, फोन माझ्याकडं द्या म्हणून. अप्पांनी फोन दिला नाही.

"खोडून टाक म्हणावं," ते म्हणाले.